पहिली पाल घरी आणताना: लेपर्ड गेकोचं घर आणि तिची देखभाल

माझ्या मुलीच्या वर्गात काचेच्या पेटीत एक लेपर्ड गेको होती. न्यू जर्सीत शाळेच्या वर्गांतून असा एखादा प्राणी ठेवलेला दिसतो आणि मुलं आळीपाळीने त्याची काळजी घेतात. वर्षभर तिचं पाणी बदलल्यावर लेकीने घरी विचारलं, "आपण आणूया का एक?" मी साताऱ्यात आईला फोनवर सांगितलं, तर तिकडून बराच वेळ आवाजच येईना. मग ती म्हणाली, "अगं, पाल?"

आईचं काही चूक नव्हतं. आपल्याकडे पाल चुकचुकली की शंका येते, अंगावर पडली की अंघोळ करतात, आणि पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टकच छापलेलं असतं. तिला पाळायची हा विचार आपल्या मनात सहज उतरत नाही. आता आमच्याकडे चार वर्षं झाली. पालीचं नाव हळदी. इथल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला अधूनमधून फोन येतो, "मुलाला गेको हवी आहे, काय करू?" फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी एक गोष्ट: टँक (म्हणजे तिची काचेची पेटी) आधी, पाल नंतर. दोन्ही एकाच दिवशी घरी आणू नका. मध्ये किमान आठवडा जाऊ द्या. का ते पुढे सांगते.

## ही पाल आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी नाही

भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते. लेपर्ड गेकोला खऱ्या पापण्या असतात. ती डोळे मिटते, उघडते, झोपेत मिटून ठेवते. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, नख्या असतात, त्यामुळे ती काचेवर चढू शकत नाही. ती जमिनीवरची पाल आहे. आवाजही जवळजवळ करत नाही. पिल्लू घाबरलं तर किंचाळतं, एवढंच.

तिचं मूळ घर म्हणजे अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला खडकाळ, कोरडा मुलूख. वाळवंटाचा सपाट वाळूपट्टा नव्हे. घट्ट माती, दगड, कपारी असा हा प्रदेश. दिवसभर ती कपारीत बसते आणि संध्याकाळी दगड अजून ऊबदार असतात तेव्हा बाहेर पडते. पुढे दिवा, फरशी, बिळं याबद्दल जे सांगणार आहे ते सगळं या एका वाक्यातून निघतं.

पूर्ण वाढलेली पाल २० ते २५ सेंटिमीटर लांब आणि साधारण ५० ते ८० ग्रॅम वजनाची होते. नीट ठेवली तर १५ वर्षं सहज जगते, काही वीस वर्षांपर्यंत जातात. म्हणजे आज आठ वर्षांच्या मुलासाठी आणलेली पाल तो कॉलेजला जाईल तेव्हाही घरात असेल, आणि तेव्हा तिला खायला घालायचं काम तुमच्याकडे असेल. मुलापेक्षा तुम्हाला ती हवी आहे का, हे आधी ठरवा.

भारतात राहणाऱ्यांसाठी थोडं. या पालीची जवळची भावंडं आपल्याकडे रानात आहेत. पश्चिम भारतात महाराष्ट्र-गुजरातेत एक जात सापडते, आणि सातपुड्यातल्या जातीचं शास्त्रीय वर्णन तर २०१४ साली झालं. लोक त्यांना विषारी समजून मारतात. त्या अजिबात विषारी नाहीत. पण त्यांना पकडून घरीही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियमही आता आहेत. कुणी विकायला आणली तरी वनखात्याकडे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. मी पुढे लिहिते आहे ते अमेरिकेतल्या घरांसाठी, बंदिवासात जन्मलेल्या पालींबद्दल.

## शाकाहारी घरांसाठी, खर्च करण्याआधी

लेपर्ड गेको जिवंत किडे खाते. फक्त किडे. भाजी, फळ, भात, पनीर यातलं काही तिला पचत नाही. रातकिडे, झुरळं, अळ्या हे तुमच्या घरात डब्यात राहतील आणि तुम्हाला त्यांनाही खायला घालावं लागेल. ज्या घरात अंडंही येत नाही तिथे हा प्रश्न खरा आहे. मी कुणालाही "सवय होईल हो" असं सांगत नाही. सासूबाई दर उन्हाळ्यात सहा महिने राहायला येत असतील तर त्यांनाही विचारा.

मन तयार होत नसेल तर क्रेस्टेड गेकोचा विचार करा. ही न्यू कॅलेडोनिया बेटांवरची पाल आहे. ती नामशेष झाली असं समजत होते आणि १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. तिच्यासाठी फळांची तयार पूड मिळते. पाण्यात कालवून दिली की तिचं पोट भरतं, किडे अधूनमधून दिले तर उत्तमच. तिला २२ ते २५ अंश सेल्सिअसची साधी खोली चालते, पण उंच टँक आणि दमट हवा लागते, आणि २८ अंशांच्या वर तिला त्रास होतो. ती काचेवर चढते, उड्या मारते. तिच्याबद्दल स्वतंत्र लिहावं लागेल. इथून पुढे लेपर्ड गेकोच.

## टँक

जुन्या पुस्तकांत आणि दुकानात १० किंवा २० गॅलनची पेटी पुरेल असं सांगतात. १० गॅलनची घेऊ नका. कारण जागेपेक्षाही तापमानाचं आहे: इतक्या लहान पेटीत एक बाजू गरम आणि एक बाजू थंड ठेवताच येत नाही, सगळी पेटी एकसारखी तापते. ४० गॅलनची 'ब्रीडर' म्हणून मिळते ती घ्या. ती ३६ इंच लांब, १८ इंच रुंद असते. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची. पिल्लासाठीही हीच चालते, फक्त लपायच्या जागा भरपूर हव्यात.

जाळीचं घट्ट झाकण हवं. पाल चढत नाही, पण घरातलं मांजर चढतं, आणि रातकिडे तर उड्या मारतातच.

ठेवायची जागा: खिडकीच्या उन्हात नाही, टीव्हीच्या स्पीकरशेजारी नाही, आणि स्वयंपाकघरात मुळीच नाही. मुलाच्या खोलीत ठेवायची असेल तर हरकत नाही, पण तापमान रोज पाहणारा मोठा माणूस ठरलेला असू द्या.

एका टँकमध्ये एकच पाल. "एकटी कशी राहील?" हे मला प्रत्येक जण विचारतो. माणसाला एकटेपणा येतो तसा तिला येत नाही. दोन नर एकमेकांना फाडतात, नर आणि मादी ठेवली तर अंडी होत राहतात, आणि दोन माद्यांतही एक गरम जागा अडवून बसते आणि दुसरी हळूहळू वाळत जाते.

## उष्णता: इथे चूक झाली तर बाकी सगळं फुकट

पालीचं शरीर स्वतःची उष्णता तयार करत नाही. खाल्लेलं पचवायचं असेल तर तिला गरम दगड लागतो. पोटात किडे आहेत आणि टँक थंड आहे अशी रात्र गेली तर ते अन्न पचत नाही, ती ओकून टाकते, आणि असं वारंवार झालं की खाणंच सोडते. "खात नाही" म्हणून मला फोन करणाऱ्यांना मी आधी एकच विचारते: दगडावर किती अंश आहे? बहुतेकांना सांगता येत नाही.

हवं ते असं:

- दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग: ३३ ते ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९२ ते ९५ फॅरनहाइट
- गरम बाजूच्या बिळाच्या आत: ३१ ते ३२ अंश, म्हणजे साधारण ८८ ते ९० फॅरनहाइट
- थंड बाजू: २२ ते २५ अंश, म्हणजे ७२ ते ७७ फॅरनहाइट
- रात्री सगळा टँक १८ ते २० अंशांपर्यंत उतरला तरी चालतो, उलट बरं असतं

हे साधायला मी वरून हॅलोजनचा दिवा वापरते, ५० किंवा ७५ वॉटचा, जाळीच्या झाकणावर, टँकच्या एका टोकाला. होल्डर सिरॅमिकचाच घ्या, प्लॅस्टिकचा वितळतो. दिव्याखाली स्लेटची जाड फरशी ठेवायची. दिवसभर फरशी तापते आणि दिवा बंद झाल्यावरही बराच वेळ ऊब धरून राहते. संध्याकाळी हळदी बिळातून निघून त्या फरशीवर पोट टेकवून पसरते. उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या घालेपर्यंत जमीन कशी कोमट असायची, ते मला दर वेळी आठवतं.

दुकानात बहुधा खालून लावायची हीट मॅट दाखवतात. ती चालते, पण काचेला बाहेरून, टँकच्या एक तृतीयांश तळाला, आणि वर मातीचा जाड थर नसताना. गरम होणारा नकली दगड मिळतो तो मात्र घेऊ नका. तो एका ठिकाणी भलताच तापतो आणि पालीला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही.

आणि थर्मोस्टॅट. हे यंत्र दिव्याच्या किंवा मॅटच्या आणि भिंतीतल्या प्लगच्या मध्ये बसतं, एका वायरच्या टोकाला असलेल्या प्रोबने तापमान मोजतं आणि ठरलेल्या अंशांच्या वर जाऊ देत नाही. हॅलोजनसाठी प्रकाश कमी-जास्त करणारा डिमिंग प्रकार घ्या, मॅटसाठी चालू-बंद करणारा साधा प्रकार पुरतो. आम्ही पहिल्यांदा मॅट आणली तेव्हा विक्रेत्याने सांगितलं की हिला थर्मोस्टॅट लागत नाही. रिकाम्या टँकमध्ये लावून दोन तासांनी मोजलं, तर काचेचा तळ ४६ अंश. त्यावर पाल असती तर पोट भाजलं असतं. टँक आठवडाभर रिकामा चालवा असं मी म्हणते ते त्या दिवसापासून.

प्रोब दगडावर नीट बांधा किंवा फरशीच्या खाचेत दाबून बसवा. पालीने तो ओढून थंड बाजूला नेला तर थर्मोस्टॅटला वाटतं की टँक गार आहे, आणि तो दिवा पूर्ण जोरात चालू ठेवतो. रोज सकाळी प्रोब जागेवर आहे ना, हे पाहण्याची सवय लावून घ्या. आणि थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबू नका. पिस्तुलासारखं दिसणारं इन्फ्रारेड थर्मामीटर हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. त्याने स्वतः मोजा. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे मीटर सोडून द्या, ते काचेजवळची हवा मोजतात आणि तीही बरेचदा चुकीची.

रात्री लाल किंवा निळा दिवा लावू नका. पालींना मंद उजेडातही रंग दिसतात, म्हणजे आपण तिची रात्रच काढून घेतो. खोली हिवाळ्यात १८ अंशांखाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा, तोही थर्मोस्टॅटवर.

## प्रकाश

लेपर्ड गेको संधिप्रकाशात फिरते म्हणून तिला अतिनील किरण लागत नाहीत, असं बरीच वर्षं म्हणत होते. आता हलक्या यूव्हीबीची, म्हणजे एका प्रकारच्या अतिनील किरणांची, शिफारस होते आणि मी ती मानते. सावलीतल्या प्राण्यांसाठी ५ ते ७ टक्क्यांची टी५ नळी मिळते. ती टँकच्या साधारण अर्ध्या लांबीची, दिव्याच्याच बाजूला लावा, म्हणजे दुसरं टोक सावलीत राहतं. किती उंचीवर लावायची ते खोक्यावरच्या तक्त्यात असतं. काचेतून हे किरण जात नाहीत, त्यामुळे खिडकीतल्या उन्हाचा इथे उपयोग नाही. नळी दिसायला पेटत राहिली तरी वर्षभरात तिचे किरण कमी होतात. बदलल्याची तारीख नळीवरच लिहून ठेवा. पांढरट, फिकट डोळ्यांच्या अल्बिनो पालींना उजेड सोसत नाही, त्यांना जास्त आडोसा द्या.

दिवा आणि नळी दोन्ही टायमरवर: उन्हाळ्यात १४ तास, हिवाळ्यात १२.

## तीन बिळं आणि जमीन

तीन लपायच्या जागा हव्यातच. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, एक ओलसर. गरम आणि थंड दोन्हीकडे बीळ नसेल तर तिला ऊब आणि सुरक्षितपणा यांतलं एक निवडावं लागतं. ती सुरक्षितपणा निवडते आणि गारठते. बीळ अंगाला लागेल इतकं लहान असावं, पाठीला छत टेकलं की ती निवांत होते. दुकानातले महागडे नकली खडकच हवेत असं नाही. उलटी ठेवलेली कुंडी, तिला एका बाजूने दार पाडून, उत्तम चालते. फक्त कडा घासून घ्या.

ओलसर बीळ कात टाकण्यासाठी. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, बाजूला तिचं अंग जाईल असं भोक पाडा, आत ओलं स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) किंवा ओले पेपर टॉवेल घाला आणि मधोमध ठेवा. बाकी टँक ३० ते ४० टक्के आर्द्रतेचा कोरडा, डब्याच्या आत दमट. मॉसवर दोन दिवसांनी पाणी शिंपडा, बुरशी दिसली की बदला.

जमिनीसाठी पहिला महिना साधे पेपर टॉवेल. दिसायला रुक्ष, पण शी कशी आहे, किती आहे, किडे उरलेत का, सगळं लगेच दिसतं. पाल टँकचा एकच कोपरा शीसाठी ठरवते, त्यामुळे रोजची सफाई दोन मिनिटांची. महिन्यानंतर हवं तर फरश्या पसरा, किंवा खत न घातलेली माती ७० टक्के आणि धुतलेली खेळाची वाळू ३० टक्के असं मिश्रण घाला. 'कॅल्शियम सँड' म्हणून रंगीत वाळू मिळते ती मुळीच नको. पाल ती चाटते आणि आतड्यात गोळा बसतो.

पाण्याची उथळ वाटी थंड बाजूला, रोज धुऊन.

आता सगळं चालू करा आणि आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा. तीन दिवस सलग आकडे जागेवर आले की पाल आणायला जा.

## पाल निवडताना

डोळे स्वच्छ आणि पूर्ण उघडे, शेपटी मानेपेक्षा जाड, सगळी बोटं जागेवर, चालताना पोट जमिनीपासून उचललेलं, आणि शेपटीच्या मुळाशी घाण चिकटलेली नाही. शेपटी म्हणजे तिचं धान्याचं कोठार, चरबी तिथे साठते. काटकुळी शेपटी दिसली तर दया येऊन घेऊ नका, पहिल्या पालीला तर नाहीच. विकणाऱ्याला सांगा, माझ्यासमोर एक किडा खाऊ घाला.

रंगांच्या नादात दोन प्रकार टाळा. 'एनिग्मा' जातीच्या पालींना मेंदूशी संबंधित दोष असतो, त्या गोल गोल फिरतात, मान वाकडी करतात, शिकार चुकवतात. 'लेमन फ्रॉस्ट' दिसायला फार सुंदर, पण तिच्या रंगाशी बांधलेल्या जनुकामुळे त्वचेत गाठी होतात. हे २०२१ मधल्या संशोधनात स्पष्ट झालं. असे प्राणी विकत घेतले की ते आणखी जन्माला घातले जातात.

दुकानाआधी जवळचं सरपटणाऱ्या प्राण्यांचं रेस्क्यू, म्हणजे नकोसे झालेले प्राणी सांभाळणारी संस्था, पाहा. कॉलेजला गेलेल्या मुलांच्या पाली तिथे येतात, वाढलेल्या, माणसाला सरावलेल्या. नवख्या घराला पिल्लापेक्षा मोठी पाल कितीतरी सोपी.

## पहिले चौदा दिवस

काही करू नका. पाणी, सफाई, खाणं, बस्स. हातात घेणं नाही, मित्रांना दाखवणं नाही, व्हिडिओसाठी बीळ उचलणं नाही. पहिले तीन-चार दिवस ती खाणार नाही, कदाचित आठवडाभर. तापमान बरोबर असेल तर वाट पाहा. मुलाला हे चौदा दिवस फार लांब वाटतात. आमच्याकडे लेकीला रोज संध्याकाळी टँकसमोर वही घेऊन बसवलं: किती वाजता बाहेर आली, कुठे बसली, पाणी प्यायली का. ती वही अजून चालू आहे.

याच दिवसांत ताजी शी पिशवीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरकडे तपासायला द्या. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी या पालींमध्ये आढळतो, शेपटी काडीसारखी होते आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. आधीच कळलेलं बरं.

## खाणं

पिल्लाला रोज, साधारण पाच ते सात किडे. वर्षाच्या पुढे गेलेल्या पालीला दर दोन-तीन दिवसांनी सहा ते आठ. किड्याची रुंदी तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. वेळ संध्याकाळची, दिवा मालवायच्या सुमारास.

मुख्य खाणं म्हणून रातकिडे आणि ड्युबिया झुरळं. झुरळाचं नाव ऐकून दचकू नका. ही गुळगुळीत भिंतीवर चढत नाहीत, उडत नाहीत, वास मारत नाहीत आणि रात्रभर किरकिर करत नाहीत. रातकिडे मात्र वासही मारतात आणि किरकिरही करतात. मीलवर्म नावाच्या अळ्या सोयीच्या, फ्रिजमध्ये आठवडे टिकतात. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्यांत कॅल्शियम चांगलं असतं. वॅक्सवर्म या अळ्या म्हणजे चरबीचे पेढे: महिन्यातून एखाद-दोन, नाहीतर ती बाकी काही खाणार नाही.

किडा द्यायच्या आदल्या दिवशी त्याला गाजर, कोलार्डची पालेभाजी, भोपळा असं खायला घाला. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. मग पिशवीत चिमूटभर कॅल्शियमची पूड घालून किडे हलवून घ्या, करंजीवर पिठीसाखर लागते तितकीच. यूव्हीबी लावली असेल तर डी३ जीवनसत्त्व नसलेलं कॅल्शियम प्रत्येक खाण्याला, आणि दोन आठवड्यांतून एकदा मल्टिव्हिटॅमिन. यूव्हीबी नसेल तर डी३ असलेलं कॅल्शियम लागेल, त्याचं प्रमाण डॉक्टरला विचारा, कारण ते जास्तही होऊ शकतं. कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा लागतो. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

अंगणातले किडे देऊ नका, शेजारच्या हिरवळीवर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं. आणि काजवा कधीच नाही. न्यू जर्सीच्या जूनमध्ये अंगण काजव्यांनी भरतं, मुलं बरणीत धरतात. एक काजवा पालीचा जीव घेऊ शकतो. घरातल्या लहानांना हे पहिल्या दिवशी सांगा.

उरलेले रातकिडे रात्री टँकमध्ये सोडू नका, ते झोपलेल्या पालीला चावतात.

शिकार करताना ती आधी गोठते, मग शेपटीचं टोक मांजरासारखं थरथरवते, मग झेप. आईने व्हिडिओ कॉलवर हे पहिल्यांदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं, "जेवली का ती?"

## कात

रंग राखाडी, धुरकट झाला की समजा दोन-तीन दिवसांत कात पडणार. पिल्लं दर दोन आठवड्यांनी, मोठ्या पाली महिन्या-दीड महिन्याने. ती कात ओढून काढते आणि स्वतःच खाऊन टाकते, त्यामुळे सकाळी कातच दिसली नाही तर शोधत बसू नका. शोधायचं ते बोटांवर. बोटाभोवती कातेचं कडं राहिलं तर ते सुकून आवळतं आणि बोट गळून पडतं. भिंगाने वीस बोटं मोजा. काही अडकलं असेल तर कोमट पाणी बोटं बुडतील इतकं डब्यात घालून दहा मिनिटं तिला उभी करा आणि ओल्या कापसाच्या काडीने अलगद सोडवा. ओढायचं नाही. डोळ्याच्या पापणीत अडकली असेल तर स्वतः हात लावू नका, डॉक्टर.

## हातात घेणं

वरून पकडू नका. वरून येतो तो तिच्या लेखी ससाणा. तळहात जमिनीवर ठेवा, तिला वर चढू द्या, मग दुसरा हात पुढे. जमिनीवर बसूनच, पडली तर एक-दोन इंचच पडेल अशा बेताने. सुरुवातीला पाच मिनिटं.

शेपटी धरायची नाही. घाबरली तर ती शेपटी टाकते. तुटलेली शेपटी वळवळत राहते, लहान मुलं हे पाहून भेदरतात. जखम बहुतेक वेळा आपोआप भरते, रक्त फारसं येत नाही. टँकमधून माती काढून पेपर टॉवेल घाला, नीट खायला द्या. नवी शेपटी येते, पण कांद्यासारखी गोल आणि गुळगुळीत.

प्रत्येक वेळी आधी आणि नंतर साबणाने हात. पाल निरोगी दिसली तरी तिच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं घरात असतील तर अमेरिकेतली सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सरपटणारे प्राणी न ठेवण्याचा सल्ला देतं, आणि रांगणारं बाळ असेल तर मीही तेच सांगेन: थांबा. टँकची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका, त्यांची घासणीही वेगळी.

## वजन आणि डॉक्टर

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वतंत्र वजनकाटा घ्या आणि दर रविवारी वजन लिहा. पाल आजार लपवते, वजन लपवत नाही. हिवाळ्यात खाणं कमी होणं, नरांचं तर खासकरून, नेहमीचं आहे, वजन स्थिर असेल तर काळजी नको. दहा टक्के घटलं, डोळे मिटलेलेच राहिले, तोंडाला फेस किंवा सूज आली, शी पातळ आणि फार दुर्गंधीची झाली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. मादी एकटी असली तरी फलित न झालेली अंडी घालू शकते. ती बिळात खणत असेल आणि पोटाच्या कातडीतून दोन पांढरे लांबट आकार दिसत असतील तर ते तेच. ओलसर बीळ तयार ठेवा, कॅल्शियम चुकवू नका. अंडी बाहेर न येता ती मलूल झाली तर तातडीने न्या.

कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर पाली पाहत नाही. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरनेरियन्स या संघटनेच्या यादीत तुमच्या भागातले डॉक्टर सापडतात. नाव आणि फोन पाल आणण्याआधीच फ्रिजवर लावा.

## वीज गेली तर, आणि भारतात जाताना

बर्फाच्या वादळात आमच्याकडे एकदा एकोणीस तास वीज नव्हती. मोठी पाल एक दिवस १८ अंशांत काढते. टँकवर गोधडी टाका, खोलीचं दार बंद करा. त्याहून गार झालं तर तिला छिद्रं पाडलेल्या थर्मोकोलच्या डब्यात ठेवा, आणि बाहेरच्या बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. उष्णता परत येईपर्यंत खायला काही देऊ नका.

डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात जायचं असेल तर पाल सांभाळायला माणूस लागतो, आणि आपल्या ओळखीच्या वर्तुळात पालीचं नाव काढलं की दोन घरं मागे सरतात. सप्टेंबरपासून विचारायला लागा. आम्हाला शेवटी शाळेतली एक मैत्रीण आणि तिची आई मिळाली. टँक आमच्याच घरी राहतो, त्या दर तीन दिवसांनी येतात. मीलवर्म फ्रिजमध्ये मोजून डब्यांत, प्रत्येक डब्यावर तारीख. काचेवर कागद चिकटवलेला असतो: पाणी बदला, प्रोब दगडावर आहे का पाहा, आठ अळ्या कॅल्शियमच्या पुडीत घोळवून द्या, उरलेल्या बाहेर काढा, डॉक्टरचा नंबर हा. आणि शेवटची ओळ मोठ्या अक्षरांत: दगडावरचं तापमान मोजून आकड्याचा फोटो पाठवा. साताऱ्यात सकाळी तो फोटो आला की आधी आई पाहते.